माचू पिचूचे फोटो झाले, आता खालच्या मक्याबद्दलही छापा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पेरू देशाच्या सहलीवर पानभर लेख आला होता, फोटो एकदम झकास, माचू पिचू, लामा, रंगीत टोप्या घातलेल्या बाया, सगळं आलं. पण त्या अख्ख्या पानात आजच्या शेतीवर एकच ओळ होती, ती अशी की "वाटेत दरीत मक्याची शेतं लागतात, इथले लोक अजून जुन्या मागास पद्धतीनेच शेती करतात". आणि फोटोखाली डोंगरातल्या टेरेसना लिहिलंय "प्राचीन पायऱ्या". अहो पायऱ्या कसल्या, वावरं आहेत ती! मी कन्नड तालुक्यातला निवृत्त मास्तर, घरी तीन एकर मका दरवर्षी असतो, आणि जावयाच्या नोकरीपायी मुलगी दोन वर्षं लिमाला होती म्हणून मी त्या दरीत मे महिन्यात बारा दिवस राहून आलोय, त्यामुळे ते वाक्य वाचून गप्प बसवेना. पत्र लांबलंय, कापायचं तिथे कापा पण मक्याचं ठेवा.

ती दरी म्हणजे कुस्कोजवळची उरुबांबा नदीची दरी, तिथे तिला इंकांची, म्हणजे स्पॅनिश यायच्या आधी तिथे राज्य करणाऱ्यांची, पवित्र दरी म्हणतात. पिसाक, काल्का, युकाय, उरुबांबा, ओयांतायतांबो अशी एकामागोमाग गावं नदीच्या काठाने. उंची २८०० ते ३००० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे पावणेदोन कळसूबाई एकावर एक ठेवा आणि त्यावर मका पेरा असा प्रकार. आणि तरी हा भाग तिकडे "खालचा, उबदार" समजला जातो, कारण कुस्को शहर ३४०० मीटरवर आहे, तिथे मका जेमतेम येतो, आणखी वर गेलं की नुसता बटाटा. म्हणून तर इंका राजांना ही दरी हवी होती. युकायची जमीन ही वायना कापाक नावाच्या राजाची खासगी जमीन होती, आणि पिसाकजवळ तर नदीचं वळणावळणाचं पात्रच बांधून सरळ केलेलं आहे, का तर काठची सपाट जमीन मक्याला मिळावी. लेखात राजवाडे आले, देवळं आली, हे नाही आलं.

आता त्या "पायऱ्यां"बद्दल. बाहेरून दगडी भिंत दिसते, पण आत काय आहे ते गावातल्या एका म्हाताऱ्याने पडलेल्या भिंतीपाशी नेऊन दाखवलं. तळाला मोठे दगड, त्यावर बारीक खडी आणि वाळू, मग वर सुपीक माती, तीही खालून नदीकाठावरून वाहून आणलेली. पाऊस जास्त झाला तर पाणी खाली झिरपून जातं, मुळं कुजत नाहीत, भिंत फुगत नाही. भिंत किंचित आत डोंगराकडे कललेली. दिवसभर ऊन खाऊन दगड तापतात आणि रात्री थंडीत ती ऊब हळूहळू सोडतात, त्यामुळे पिकाला गारठा कमी लागतो. एका टेरेसवरून दुसऱ्यावर जायला भिंतीतूनच लांब दगड बाहेर काढलेत, आपल्या जुन्या विहिरीत उतरायला असतात ना अगदी तसे, म्हणजे पायरीसाठी जमीन वाया नाही घालवायची. युकायच्या या टेरेसवर आजही पीक उभं असतं. पाचशे वर्षांहून जुना बांध आणि त्यावर यंदाचा मका! आमच्याकडे पाणलोटात घातलेले बांध तिसऱ्या पावसाळ्यात शोधावे लागतात, असो, तो विषय वेगळा.

मोराय म्हणून एक ठिकाण आहे वर मारास गावाकडे, गोल गोल उतरत जाणाऱ्या टेरेस, वाटीसारख्या. गाईड छातीठोकपणे सांगतात की ही इंकांची कृषी प्रयोगशाळा, प्रत्येक थराचं तापमान वेगळं म्हणून. थरांचं तापमान वेगळं आहे हे खरं पण प्रयोगशाळाच होती याचा लेखी पुरावा काही नाही, इंकांना लिपीच नव्हती, गाठी मारलेल्या दोऱ्यांवर हिशेब ठेवायचे. तुमच्या लेखात मात्र ते ठाम विधान म्हणून आलंय, तेवढं बघा.

पेरणीचं सांगतो. तो देश विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे पोळा येतो त्या सुमारास, ऑगस्ट-सप्टेंबरात, तिथे मक्याची पेरणी सुरू होते. पाऊस यायला अजून दोनेक महिने असतात, मग पेरणी कशावर, तर बर्फाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर, पाटाने आणलेल्या. आधी जमीन भिजवायची, वाफसा आला की पेरायचं. घाई का, तर हा मका आपल्यासारखा शंभर-सव्वाशे दिवसांत मोकळा होत नाही, सात-आठ महिने घेतो, आणि मे-जूनच्या कडाक्याच्या थंडीआधी दाणा भरला पाहिजे. म्हणजे अख्खं गणित पाण्याच्या पाळीवर आणि थंडीच्या तारखेवर. याला मागास म्हणायचं असेल तर मग पुढारलेलं काय ते तरी सांगा.

नांगरणीला सपाटीवर ट्रॅक्टर आहेत, बैलही आहेत, बैलांना पेरणीच्या दिवशी सजवतातही, पोळ्याची आठवण झाली. पण बैल मूळचे तिथले नाहीत, स्पॅनिश लोकांनी आणले, त्याआधी ओढणारं जनावरच नव्हतं, लामा ओझं वाहतो पण नांगर नाही ओढत. म्हणून माणसाच्या पायाने चालवायचा नांगर, त्याला चाकिताक्ल्या म्हणतात, तिथल्या केचुआ भाषेत चाकी म्हणजे पाय. लांब वाकडा दांडा, खाली टोकाला फाळ, पाय ठेवायला आडवी खुंटी. पुरुष रांगेने पाय देऊन ढेकूळ उचकटतात आणि समोर बायका ते ढेकूळ उलटवतात, बी टाकतात. वामन पोमा नावाच्या तिथल्याच एका माणसाने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला हजारभर पानांचं पत्र लिहिलं, चित्रं काढून, त्यात ऑगस्ट महिन्याच्या चित्रात हाच नांगर आहे. अरुंद टेरेसवर जिथे बैल वळत नाहीत तिथे आजही तोच. (राजाला हजार पानांचं पत्र लिहिणारा माणूस मला फार आवडला, माझं पत्र त्यामानाने काहीच नाही.)

आणि मजूर? मजूर नाही लावत, निदान लहान शेतकरी तरी नाही. आज तू माझ्याकडे ये, उद्या मी तुझ्याकडे. याला ते आयनी म्हणतात. मुलगी मला इंग्रजीतून समजावून सांगायला लागली तर मी म्हटलं अगं ही तर सावड! माझ्या आजोबांच्या काळी आमच्याकडे सगळी सोंगणी सावडीवर व्हायची. आणि दुसरा एक प्रकार आहे मिंका, त्यात कामाला आलेल्यांना मालकाने खाऊपिऊ घालायचं, ती म्हणजे सरळ आपली इर्जिक. आपल्याकडे हे दोन्ही शब्द आता ग्रामीण कथांपुरते उरलेत, तिथे बायका वहीत न लिहिता तोंडपाठ सांगतात कुणाचा एक दिवस देणं आहे.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो. दाणा. तिथला जो प्रसिद्ध पांढरा मका आहे त्याला केचुआत पराकाय सारा म्हणतात, सारा म्हणजे मका. कणसाला दाण्याच्या ओळी साधारण आठच, पण एकेक दाणा माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा, चपटा, पांढरा, आतून पिठूळ. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला वाटलं हे पावट्याचं काहीतरी आहे. पेरू सरकारने २००५ साली या मक्याला ओरिजिनचा दर्जा दिला, आपला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असतं तसाच, काल्का आणि उरुबांबा या दोन प्रांतांतलाच मका त्या नावाने विकता येतो. स्पेन आणि जपानला एक्स्पोर्ट होतो, स्पेनमध्ये तळून खारवून खातात. हेच बी दुसरीकडे लावलं तर दाणा एवढा भरत नाही असं तिथले शेतकरी सांगतात.

पण मला त्या मोठ्या दाण्यापेक्षा जास्त नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथल्या बाईंच्या माळ्यावर कणसांचे वेगवेगळे ढीग होते आणि प्रत्येक ढिगाचं काम वेगळं. पराकाय हिरवा असताना उकडून खायचा, त्याला चोक्लो म्हणतात, वाफाळतं कणीस आणि सोबत ताज्या चीजचा जाड तुकडा, बाजारात हातगाडीवर मिळतो, आपल्या हुरड्याची मजा त्यात आहे. तोच वाळवला की दाणे रात्रभर भिजवून उकडायचे, ते मोते, म्हणजे आपल्या घुगऱ्या, रोजच्या जेवणाला पोळी-भाताच्या जागी हेच. राखेच्या पाण्यात उकळून साल काढतात तो आणखी एक प्रकार. मग चुल्पी नावाचा मका, दाणा वाळला की सुरकुततो, चवीला गोडसर, तो फक्त भाजायला. मातीच्या खापरात भाजतात, आपल्यासारखी फुलून लाही होत नाही, नुसता तडकतो आणि आत खुसखुशीत होतो, आपण ज्याला गणंग म्हणून बाजूला काढू तोच तिथे खाऊ, नाव त्याचं कांचा, पोरांच्या खिशात असतो. जांभळा कुल्यी, तो रंगासाठी. पिवळा, केल्यो म्हणतात त्याला, तो वेगळा. कोवळे दाणे वाटून मक्याच्याच पानात बांधून वाफवतात ते उमिंता, आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या, फक्त इथे पान आणि आतलं सारण एकाच झाडाचं.

आणि चिचा. मका भिजवून मोड आणायचे, मोड आलेला मका वाळवायचा, त्याला होरा म्हणतात, मग भरडून तासनतास उकळायचं, गाळायचं आणि आंबू द्यायचं. घराबाहेर लांब काठीला लाल फडकं किंवा लाल प्लास्टिकची पिशवी अडकवलेली दिसली की समजायचं आज या घरी ताजी चिचा आहे. मी माळकरी माणूस, घेतली नाही, पण बघितलं की पिणारा प्रत्येक जण आधी थोडी जमिनीवर ओततो, पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला. लातूरकडे वेळ अमावस्येला आंबील शिवारात शिंपडतात ती एकदम डोळ्यापुढे आली. हा काही एकमेकांचा संबंध आहे असं मी म्हणत नाही, हजारो मैलांचं अंतर आहे, पण जमिनीला आधी द्यायचं हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला सुचलंय एवढं खरं.

त्या बाई बियाण्याचं कणीस निवडायला बसल्या तेव्हा मी शेजारी बसून बघत होतो. ओळी सरळ आहेत का, किडीचं भोक नाही ना, दाणे एकसारखे आहेत का, मग त्या कणसाचे दोन्ही टोकांचे दाणे काढून टाकायचे आणि मधलेच बियाण्याला ठेवायचे. साठवताना थरांमध्ये मुन्या नावाची रानटी पुदिन्यासारखी वनस्पती घालतात, उग्र वास, किडे फिरकत नाहीत, आपण कडुनिंबाचा पाला घालतो तसं. मी मुलीमार्फत विचारलं की एवढे सगळे प्रकार का ठेवता, एकच चांगला ठेवा ना, सोपं पडेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या मग कांचा कशाचा करू?

संपादकसाहेब, सगळं उत्तर त्या एका वाक्यात आहे. बियाणं तिथे म्युझियममध्ये नाही टिकलं, स्वयंपाकघरात टिकलंय. जोपर्यंत घरात कुणाला भाजलेला कांचा हवाय तोपर्यंत चुल्पी कुणीतरी लावणारच. आणि माझ्या तीन एकरातला मका बघा. आम्ही तो खातच नाही! पावसाळ्यात चार कणसं भाजून तिखट-मीठ-लिंबू लावून खाल्ली की संपलं, बाकी सगळा पोल्ट्रीला, स्टार्चला, आता इथेनॉलला. आडतीवर मशीन लावून ओलावा बघतात, चव कुणी विचारत नाही. मग मला तरी काय पडलंय कुठला दाणा आहे त्याचं, दुकानदार देईल ती पिशवी आणतो, दरवर्षी नवी, कारण हायब्रीडचं बी घरचं धरता येत नाही. अमेरिका खंडातून मका आला तसा त्याच्यामागून अमेरिकन लष्करी अळीही आली, २०१८ ला कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि त्याच हंगामापासून आमच्या फवारण्या वाढल्या. मका घेतला, अळी घेतली, पण तो खायचा कसा हे मात्र घेतलं नाही.

आपल्याकडेही जिथे मका खातात तिथे बी टिकलंय हेही लिहायला हवं. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्यात आदिवासी घरांत मक्याची भाकर रोजची, आणि तिथेच पांढरे, रंगीत गावरान मके आजही घराच्या आढ्याला टांगलेले सापडतात. बदलीच्या नोकरीत मी दोन वर्षं तिकडे काढलीत, ती भाकर खाल्लीये, कोरडी असते पण तिची सवय लागते.

तिथलं सगळं गोडगोड आहे असं समजू नका, नाहीतर माझं पत्रही तुमच्या त्या लेखासारखं व्हायचं. पांढऱ्याला एक्स्पोर्टचा भाव म्हणून सपाटीच्या चांगल्या जमिनीत पांढराच पांढरा, रंगीत मके बांधाकडे आणि वरच्या वावरात ढकललेत. युरिया तिथेही आहे. बांधावर पूर्वी घेवडा, बाकला, कडेने तार्वी म्हणजे कडू शेंगांचं पीक लावायचे, कडू असल्यामुळे जनावर आत शिरत नाही, ते आता कुठे कुठेच दिसलं. राजगिरा मात्र दिसला, त्यांची किविचा, लालभडक तुरे, आपण उपासाला खातो त्याचंच भावंड. माचू पिचूच्या पर्यटकांमुळे जमिनीला सोन्याचा भाव आलाय, मक्याच्या वावरात हॉटेलं उभी राहतायत, आणि वर चिंचेरोला मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधतायत, म्हणजे आणखी लोक येणार. तुमच्या लेखाच्या शेवटी "विमानतळ झाल्यावर प्रवास सोपा होईल" असं आनंदाने लिहिलंय, तो आनंद कुणाच्या वावरावर हे पण एका ओळीत टाकायला हरकत नव्हती.

पाण्याची काळजी वेगळीच. पेरूतल्या हिमनद्यांचं निम्म्याहून जास्त क्षेत्र गेल्या साठेक वर्षांत वितळून गेलंय. उरुबांबाच्या डोक्यावर चिकोन नावाचं बर्फाचं शिखर आहे, म्हातारे लोक हात करून दाखवतात की आमच्या लहानपणी बर्फ इथपर्यंत खाली होता. पेरणी होते पावसाआधी, ती या वरच्या पाण्यावर, ते आटलं तर ऑगस्टची पेरणी कशावर करणार. उलट २०१० च्या जानेवारीत एवढा पाऊस झाला की नदी दरीभर पसरली, उभा मका वाहून गेला, त्या वेळी जगभरच्या पेपरात बातमी आली ती माचू पिचूला अडकलेल्या पर्यटकांची.

एक गोष्ट त्या देशाने केली ती सांगायला पाहिजे, २०११ ला जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, बियाण्यांवर दहा वर्षांची बंदी घातली आणि २०२१ ला ती २०३५ पर्यंत वाढवली. जीएम चांगलं की वाईट या वादात मी पडत नाही, आमच्या कपाशीचा अनुभव आम्हाला आहे, पण ज्या देशात मक्याचे पन्नासच्या वर वाण आहेत त्यांनी परागकणांची भीती बाळगणं साहजिक आहे, मक्याचा तुरा वाऱ्यावर उडतो, बांध बघून थांबत नाही.

परत आल्यावर गावात पहिला प्रश्न एकच, मास्तर, बी आणलं का? नाही आणलं. एक तर विमानातून असं बी आणायला कायद्याने परवानगी नाही, क्वारंटाइन असतं, आणि दुसरं म्हणजे आपल्या उन्हात तो मका कणसापर्यंत पोचायचाही नाही, त्याला गार हवेचे सात-आठ महिने लागतात. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं मास्तरने लपवून ठेवलंय.

तर विनंती एवढीच की पुढच्या अंकात "प्राचीन पायऱ्या" ऐवजी "शेतीच्या टेरेस" अशी दुरुस्ती छापावी, "मागास" हा शब्द मागे घ्यावा, आणि पुढच्या वेळी कुणी त्या दरीत जाणार असेल तर त्याला सांगा, मे महिन्यात जा, अंगणात पसरलेली कणसं बघ, आणि हातगाडीवरचं चोक्लो चीजसकट खा.

आपला,
कन्नड तालुक्यातला एक निवृत्त मास्तर

ता.क. आमच्या चुलतीकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गावरान पांढरा मका असायचा, ठेंगणं कणीस, दाणा मऊ, ती त्याच्या कण्या करायची, ताकात शिजवून. चुलती गेली, कण्या गेल्या आणि बीही गेलं. सिल्लोड, कन्नड, सोयगाव या भागात कुणाकडे तसा मका अजून असेल तर तुमच्या पेपरातून कळवावं, मूठभर दाणे पुरेत, पहिली दोन वर्षं बियाण्यालाच धरीन म्हणतो, पण थोड्या कण्या करून बघायचा मोह आवरेल असं वाटत नाही.